रुखवतातला लॅपटॉप

माझ्या लग्नात दुसरी पंगत उठत होती, तेव्हा मी शालूचा पदर कमरेला खोचून रुखवताच्या टेबलाखाली एक स्क्रू शोधत होते. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा आणि कार्यालयभर अक्षता सांडलेल्या. माझ्याबरोबर विमलमावशी आणि व्हिडिओवालाही गुडघ्यांवर होते. व्हिडिओवाल्यानं शोधलं कमी आणि शूटिंग जास्त केलं. ते शूटिंग आजही घरात आहे. त्यात मी बोहल्यावर जेवढी दिसते त्याहून जास्त वेळ टेबलाखाली दिसते.

टेबलाच्या पलीकडं खुर्ची टाकून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. लग्न लागून दीड तास झाला होता, म्हणजे त्या दीड तासाच्याच सासूबाई. त्यांच्या शेजारी माझी नणंद, नणंदेच्या मागं तिचे यजमान, आणि या सगळ्यांपासून शक्य तितक्या लांब, खांबाला टेकून, माझा नवरा संग्राम. टेबलावर माझा लॅपटॉप सुटा होऊन पडलेला. तो परत जोडून चालू करून दाखवला नाही, तर तो माझा राहणार नव्हता.

हे कसं झालं ते सांगते. दोष माझाच आहे, पण मावशीलाही त्यातला वाटा द्यायला हवा.

आमचं गाव हुपरी. चांदीचं गाव. घरटी कुणी ना कुणी पैंजणाला घुंगरू लावत बसलेलं. माझ्या हाताला हातोडी कधी जमली नाही. मी दागिने कॉम्प्युटरवर काढायची. पैंजण, जोडवी, कमरपट्टे. चांदी वितळवायच्या आधीच दागिना पडद्यावर गरागरा फिरवून दाखवायचा आणि व्यापाऱ्याला आवडला तरच पुढं काम धरायचं. चांदीची चकाकी पडद्यावर खरी वाटायची तर ग्राफिक्स दमदार लागतं. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा एकच भाग गेला होता, पण दुरुस्तीवाल्यानं सगळाच भंगारात काढा म्हणून सांगितलं. म्हणजे दाढ किडली तर डोकं बदला. त्या रागात मी सुट्या भागांचा लॅपटॉप मागवला. खोक्यातून भाग येतात, जोडायचे आपण. जे बिघडेल तेवढंच बदलायचं. पाठीमागं तर ग्राफिक्सचा अख्खा डबाच काढता-घालता येतो. पुढं जास्त ताकदीचा निघाला की जुना काढायचा आणि नवा बसवायचा. दीड वर्ष साठवून मी तो घेतला होता. घरात सगळे त्याला 'तेजूचा मेकॅनो' म्हणायचे.

त्याच दिवसांत गडहिंग्लजच्या संग्रामशी लग्न ठरलं. तो सूतगिरणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर. सासरे कधीच गेलेले. सासूबाई प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बैठकीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर काय करणार. मी म्हटलं, हेच काम, घरात बसून. कर की, त्या म्हणाल्या, मशीन तुझं, काम तुझं, कोण अडवणार. किती मोकळ्या मनाची बाई, असं आमच्या घरी पुढचे चार दिवस सगळे म्हणत होते.

साखरपुड्याला त्यांनी त्यांच्या घरची रीत सांगितली. रुखवतात सुनेनं स्वतःच्या हातानं केलेलं जे असेल ते सुनेचं. विकत आणून मांडलेलं सगळं नणंदेचा मान म्हणून नणंदेला जायचं. तीन पिढ्यांची रीत आहे, मोडायची नाही. आईनं मान डोलावली. रुखवताचं सगळं विमलमावशीनं अंगावर घेतलं होतं, त्यामुळं आम्ही निर्धास्त होतो.

मावशीनं अंगावर घेतलं म्हणजे कोल्हापुरातून भाड्यानं आणलं. साबुदाण्याचे दोन हत्ती, लोकरीची सप्तपदी, सुपाऱ्यांचे वाजंत्रीवाले, खोबऱ्याच्या वाट्यांचं तुळशीवृंदावन. संध्याकाळी सहाच्या आत परत. मला हे कळलं लग्नाच्या दिवशी सकाळी. भाड्याचं सामान नणंदेला गेलं तर काय, म्हणून मी घाबरले, तर मावशी म्हणाली, जाईल कसं, सगळं तूच केलंयस. पण तिचं तिलाच काहीतरी टोचलं असावं, कारण पाच मिनिटांनी ती परत आली.

"तेजू, एवढं खोटं एका टेबलावर सोसायचं नाही. तुझ्या हातचं एक तरी काहीतरी ठेव की."

"माझ्या हातचं काय आहे मावशी? मला साधा टाका घालता येत नाही."

"तो मेकॅनो आहे की."

आणि मी ठेवला. दोन हत्तींच्या मधोमध, पडद्यावर माझं पैंजण फिरत ठेवून. मावशीनं पुढं चिठ्ठी लावली, 'चि. सौ. कां. तेजस्विनी हिने स्वहस्ते तयार केलेला लॅपटॉप'. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती रीत माहीत असताना रुखवतात मांडायची, हा शहाणपणा फक्त लग्नघरातच सुचू शकतो. तिथं कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं आणि सगळ्यांचं सगळ्यांना पटतं.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. हत्तींचं फार कौतुक झालं. किती दिवस लागले म्हणून कुणीतरी विचारलं. मी पंधरा म्हटलं. सप्तपदीला? सव्वा महिना. तुळशीवृंदावनाला बावीस दिवस. खोटं बोलायची सवय नसली की माणूस आकडे फार देतो. पण कुणीही शंका घेतली नाही. एकेक वस्तू बघत सगळ्याजणी लॅपटॉपपाशी पोचल्या, तर तिथं दाजी आधीच उभे होते.

दाजी म्हणजे नणंदेचे यजमान, विश्वजितराव. संकेश्वरला त्यांचं खिळे, कड्या, बिजागऱ्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा कॉम्प्युटरवरच्या लढायांत. गिऱ्हाईक खिळे मागायला आलं की दाजी आधी समोरची फौज संपवतात, मग उठतात. त्यांनी माझा लॅपटॉप उचलला, फिरवून पाठीमागून बघितला, आणि त्यांचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आयत्या बिळावर नागोबा बसायच्या आधी बिळाकडं असंच प्रेमानं बघत असेल.

त्यांनी फोनवर त्याच लॅपटॉपचा फोटो शोधला आणि सासूबाईंच्या पुढं धरला. ही वस्तू विकतची आहे, रीतीप्रमाणं ही आमची, असं त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं.

मी म्हटलं, भाग विकतचे आहेत, जोडलाय मी. मावशी माझ्या मदतीला धावली. साबुदाणाही विकतच आणतात, ती म्हणाली, म्हणून हत्ती काय दुकानदाराचे होत नाहीत. मुद्दा बिनतोड होता, पण तिनं हत्तींकडं बोट दाखवायला नको होतं. सासूबाई हत्तींकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

माझी नणंद अरुंधती, म्हणजे माझ्या वन्सं, या सगळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांच्या मानावरून वाद चालला होता आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. "वाद कशाला घालायचा? तू जोडलायस ना? मग सुटा कर आणि परत जोड. जोडून चालू झाला तर तुझा. नाहीतर अरुंधतीचा."

"आत्ता?"

"विहिणींच्या पंगतीला अजून पाऊण तास आहे."

त्या लॅपटॉपवाचून मी गडहिंग्लजला काय करणार होते? भाकरी करणार होते, आणि त्याही मला गोल येत नव्हत्या. निपाणीच्या व्यापाऱ्याचं बारा कमरपट्ट्यांचं काम मी घेतलं होतं, महिनाअखेरीला द्यायचं होतं. ते गेलं की पुढचं कोण देणार? मी आईकडं बघितलं. आई वरपक्षाच्या पाहुण्यांना पानसुपारी देण्यात एकदम गुंतली.

मग मी पदर खोचला.

शालू नेसून लॅपटॉप उघडण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. रेशमात घासून घासून वीज साठते. ती वीज अंगात घेऊन नाजूक भागाला हात लावला की भाग मेलाच म्हणून समजा. ती उतरवायला नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावावा लागतो. म्हणून मी दर दोन मिनिटांनी उठून हात धुवायच्या बेसिनपर्यंत जायची, नळाला बोट लावायची आणि परत यायची. कोपरापर्यंत हिरवा चुडा, एकेका स्क्रूला किणकिण. वरपक्षाला वाटलं सून फार स्वच्छतेची आहे. एक चुलतसासूबाई तर कौतुकानं म्हणाल्या, बघा, पोरगी सोवळ्यात करायला लागलीय.

दहा मिनिटांत सगळं सुटं झालं. कीबोर्ड, मेमरी, बॅटरी, दोन्ही बाजूंच्या वायरी खुपसायच्या चौकोनी वड्या, आणि पाठीमागचा ग्राफिक्सचा डबा. हत्ती, सुपाऱ्या आणि मेमरी असं एका ओळीत मांडलेलं रुखवत महाराष्ट्रात दुसरं झालं नसेल. एवढ्यात बांगडीचा धक्का लागून एक स्क्रू खाली गेला आणि आम्ही सगळे टेबलाखाली गेलो.

स्क्रू मावशीला सापडला, पण टेबलावरच. हत्तीच्या पायाला चिकटला होता. तो काढताना पाय निघाला. मावशीनं स्क्रू माझ्या हातात दिला, पाय स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि तीन पायांचा हत्ती भिंतीला टेकवून उभा केला.

मी जोडायला घेतलं. मेमरी, बॅटरी, कीबोर्डखालची पट्टी. हे सगळं मी इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालत होते. बायका आता खुर्च्या ओढून बसल्या होत्या. मला मजाही वाटायला लागली होती. आणि मग मी पाठीमागच्या डब्यापाशी आले.

आता जे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगते. हा डबा आणि लॅपटॉप यांना जोडणारी एक पट्टी असते, बोटाएवढी, तिला केसाहून बारीक शेकडो पाय. ती अगदी सरळ खाली दाबावी लागते. एक पाय वाकला तर सगळं संपलं. लॅपटॉप आला तेव्हा मी बाकी सगळं एका दिवसात जोडलं होतं आणि त्या पट्टीपाशी दोन आठवडे अडून बसले होते. रोज खोकं उघडायची, पट्टी बघायची आणि खोकं बंद करायची. त्याच सुमारास संग्राम लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायला म्हणून आमच्याकडं आला. पत्रिकेचा नमुना फोनवरही पाठवता आला असता, पण ते असो. हे काय आहे, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो उठला, हात धुऊन, पुसून आला, जीभ दातांत धरून खाली वाकला आणि दहा मिनिटांत पट्टी आणि डबा दोन्ही बसवले. त्यात काय एवढं, असं म्हणाला नाही. माझ्या घरच्यांनी स्थळाला होकार आधीच दिला होता. माझा मी त्या दहा मिनिटांत दिला.

म्हणजे लॅपटॉप माझ्या हातचा होता, एवढा डबा सोडून. आणि आता तीच पट्टी दोन बोटांत धरून मी दीडशे पाहुण्यांसमोर बसले होते आणि माझ्या बांगड्या आपोआप वाजत होत्या.

मी खांबाकडं बघितलं. संग्राम मुंडावळ्या बाजूला सारून छताकडं बघत होता. मग छताकडंच बघत त्यानं अंगठा आणि तर्जनी हळूच हवेत खाली दाबली. सरळ, दोन्ही बाजूंनी एकदम. मी तसंच केलं. टक् असा आवाज आला. डबा सरकवला, स्क्रू पिळले, नळाला शेवटचा हात लावून आले आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला.

मेमरी काढून परत घातली की हा लॅपटॉप पहिल्यांदा उठायला वेळ घेतो. मला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि धीर असणं वेगळं. दाजी माझ्या जवळ आले आणि म्हणाले, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, मी याला नीट सांभाळीन. एवढ्यात आतला पंखा सुरू झाला, त्यानं एक अक्षत बाहेर भिरकावली, ती दाजींच्या कोटाला लागली, आणि पडद्यावर माझं पैंजण फिरायला लागलं. टाळ्या पडल्या. मावशी रडली. मी लॅपटॉप छातीशी धरायला दोन्ही हात पुढं केले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं तू कुणाकडं न बघता जोडलंस. या मागच्या डब्यापाशी आलीस आणि खांबाकडं बघितलंस. मी तीस वर्षं परीक्षा घेतल्यात. कॉपी करणारं पोर कुठं बघतं ते मला कळतं. हा डबा पहिल्यांदा कुणी बसवला होता?"

मी खोटं बोलू शकत होते. खरं तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. आत्ता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मीच बसवला की, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सकाळपासून मी हत्तींबद्दल, सप्तपदीबद्दल, तुळशीवृंदावनाबद्दल बेधडक खोटं बोलत होते, कारण ते काही माझं नव्हतं. त्या टेबलावर माझी अशी ही एकच वस्तू होती, आणि तिच्याबद्दल खोटं बोलायला जीभ उचलेना.

"ह्यांनी," मी म्हटलं.

दीडशे माणसं खांबाकडं वळली. संग्रामला खोकला आला.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग तेवढा डबा अरुंधतीचा. बाकीचा लॅपटॉप तुझा. डब्याशिवाय चालतो का हा?"

चालतो, मी म्हटलं, पण कसाबसा. जोडलेला डबा मी परत सोडवला. दाजींनी दोन्ही हात पुढं केले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मान नणंदेचा असतो, विश्वजितराव." वन्संनी पदर पसरला. मी डबा त्यात ठेवला. त्यांनी तो ओटीतल्या नारळासारखा पोटाशी धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, म्हणून मी नीट बघितलं नाही.

कुणीतरी विचारलं, मग हत्तींचं काय. सासूबाई उठता उठता म्हणाल्या, "ते हत्ती गेल्या महिन्यात मुरगूडच्या लग्नात होते. तेव्हा चारही पाय होते. भाड्याचं कुणाला देता येत नाही."

मावशी विहिणींच्या पंगतीला जेवली नाही. तिचं पोट बिघडलं होतं म्हणे.

संध्याकाळी निघायच्या आधी मी खोलीत शालू बदलत होते, तर सासूबाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं. मी मनात म्हटलं, आगीतून फुफाट्यात. त्या पलंगावर बसल्या. माझ्या खोट्या आकड्यांबद्दल बोलतील असं वाटलं, पण त्या स्वतःच्याच लग्नाबद्दल बोलायला लागल्या. त्यांच्या रुखवतात क्रोशाचा मोठा टेबलक्लॉथ होता, फार सुरेख. शेजारच्या बाईंकडून पैसे देऊन करून घेतलेला. रीतीप्रमाणं तो त्यांच्या नणंदेला जायला हवा होता. त्यांनी सरळ सांगितलं होतं की मीच केलाय.

"माझ्या सासूबाईंनीही तसंच सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "तीन पिढ्यांत विकतचं आहे म्हणून कुणी कबूलच केलं नाही. या रीतीनं आमच्या घरातल्या एकाही नणंदेला आजवर सुपारीसुद्धा मिळालेली नाही. तू पहिली."

"म्हणजे मी गप्प बसले असते तर..."

"तर डबा तुझा होता." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "चल, केस नीट कर. गाडी थांबलीय."

सगळे जण खोटं बोलून सुखात नांदले आणि खरं बोलणारी मी एकटी डब्याला मुकले, हे पचायला मला चांगले पंधरा दिवस लागले. तेवढ्यात गडहिंग्लजला माझं काम सुरू झालं होतं, म्हणजे सुरू होऊन तिथंच थांबलं होतं. जो कमरपट्टा पडद्यावर पंचवीस मिनिटांत तयार व्हायचा त्याला आता नऊ तास लागायचे. लॅपटॉप इतका तापायचा की सासूबाई त्याच्या शेजारी वाळवण ठेवायला लागल्या. बारापैकी तीन कमरपट्टे झाले आणि महिना संपत आला. व्यापाऱ्याचा फोन आला की मी बाथरूममध्ये जायची.

तिकडं संकेश्वरला दाजींची वेगळीच तऱ्हा. तो डबा त्या जातीच्या लॅपटॉपशिवाय जगातल्या कुठल्याच यंत्राला बसत नाही. हे मला लग्नाच्या दिवशीही माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तेवढा सूड मी घेतला. दाजींनी तो स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून बघितला, मित्राच्या कॉम्प्युटरला लावून बघितला, दुकानातल्या पक्कडीनं काही होतं का तेही बघितलं. शेवटी मी संग्रामकरवी विचारलं, उपयोग नसेल तर परत देता का. वन्संचा निरोप आला, मानाची वस्तू परत देत नसतात. मी त्या दिवशी भाकऱ्या इतक्या रागानं थापल्या की पहिल्यांदा गोल झाल्या.

आणि एका सोमवारी, नोटीस नाही, फोन नाही, वन्सं दारात उभ्या. एकट्याच. हातात कापडी पिशवी. चहासुद्धा न घेता त्या माझ्या टेबलापाशी आल्या, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला आणि म्हणाल्या, "हा कशाला लागतो ते मला शिकव. परत द्यायला आले नाही."

मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. पट्टी कशी धरायची, कशी दाबायची ते सांगितलं. मला दोन आठवडे जी गोष्ट करवली नव्हती ती त्यांनी पहिल्या झटक्यात केली. भावासारखीच जीभ दातांत धरून. मग मी कमरपट्टा लावला आणि तो पंचवीस मिनिटांत लखलखीत तयार झाला. वन्सं खुर्ची ओढून बसल्या. ही कडी इथं जरा जाड दिसतीय, त्या म्हणाल्या. बरोबर होतं. चारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून चार कमरपट्टे केले. त्यातल्या शेवटच्या दोनांची नक्षी त्यांची होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. मला आधी वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं.

सव्वाचारला त्यांनी घड्याळ बघितलं, लॅपटॉप बंद केला, उलटा केला, आणि डबा सोडवायला लागल्या.

"वन्सं, राहू दे की इथंच," मी म्हटलं. "उद्या यायचंच आहे तर रोज काढा-घाला कशाला?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "राहू दे म्हटलं की राहतं, तेजू. या घरात माझी सायकल राहिली. पेटी राहिली. बी.ए.ची पुस्तकं राहिली. नंतर विचारायला गेलं की ती माझी होती हे कुणाला आठवतच नाही."

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. वन्संनीही त्यांना बघितलं, पण वाक्य मागं घेतलं नाही. डबा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि येते म्हणून एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघून गेल्या.

वन्सं वळणाआड जाईपर्यंत सासूबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्यापासून दोन भाकऱ्या जास्त टाकत जा."

वन्सं दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या एस.टी.नं आल्या.